मिठामागून पाणी

शीव रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात शेजारशेजारच्या चार खाटांवर चार जण सुजलेले पाय उशीवर टेकवून पडलेले असतात आणि चौघांच्या सुजेचं कारण वेगळं असतं. एकीच्या हृदयाची झडप लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेली असते. दुसऱ्याचं यकृत दारूने निबर झालेलं, तिसऱ्याच्या मूत्रपिंडातून प्रथिनं गळताहेत, चौथ्याचं हृदय दोन झटक्यांनंतर दमलेलं. चौघांच्याही केसपेपरवर मात्र एक औषध हमखास सापडतं, ते म्हणजे लॅसिक्स, अर्थात फ्युरोसेमाइड. धारावी, चुनाभट्टी, कोळीवाडा, अँटॉप हिल अशा सगळीकडून आलेले नातेवाईक तिला 'पाणी काढायची गोळी' म्हणतात. आणि मग एखाद्या आजी अगदी सरळ हिशेब मांडतात, "डॉक्टर, पाणीच काढायचंय ना? मग मी पाणीच पीत नाही."

हिशेब सरळ वाटतो, तरी चुकीचा आहे. ही गोळी पाण्याला हात लावत नाही. मूत्रपिंड जे मीठ रक्तात परत घेणार होतं, ते ती परत घेऊ देत नाही. मीठ लघवीत राहतं आणि त्याच्यामागून पाणी जातं. एवढी एकच गोष्ट मला नीट उलगडून सांगायची आहे, कारण या औषधाचे गुण, दोष, पथ्यं आणि वेळा सगळं तिच्यातूनच निघतं.

वॉर्डातल्या खांबाला टांगलेली सलाइनची बाटली घ्या. तिच्यावर 0.9 टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. आपल्या पेशींच्या बाहेरचं पाणी, म्हणजे रक्तातला पातळ भाग आणि पेशींच्या मधल्या जागेतला ओलावा, साधारण याच खारटपणाचं असतं. शरीर हा खारटपणा फारसा बदलू देत नाही. मीठ जास्त झालं की तहान लागते, मेंदूतून मूत्रपिंडाला पाणी राखण्याचा निरोप जातो आणि प्रत्येक 9 ग्रॅम मिठामागे जवळपास एक लिटर पाणी जमा होतं. आता पायावर पाच लिटरची सूज असलेला माणूस बघा. नडगीवर अंगठ्याने दाबून धरलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. त्या पाच लिटरमागे जादा मीठ किती? पंचेचाळीस ग्रॅम, म्हणजे मोठे तीन चमचे. रोज तीन ग्रॅम मीठ, जेमतेम अर्धा लहान चमचा, बाहेर जायचं राहिलं, तरी पंधरा दिवसांत एवढी सूज येते.

म्हणून पाणी तोडून सूज उतरत नाही. मीठ आत असेपर्यंत तहान माणसाला छळत राहते आणि तो शेवटी पाणी पितोच. रक्तातलं सोडियमचं प्रमाण खाली गेलं की डॉक्टर पाण्यावरही मर्यादा घालतात, पण ते त्या रुग्णापुरतं, रिपोर्ट पाहून. मनाने पाणी तोडणाऱ्यांचे मुंबईच्या ऑक्टोबरात फार हाल होतात.

मूत्रपिंड मीठ धरून का ठेवतं? त्याला सुजलेले पाय दिसत नाहीत. त्याला कळतो तो फक्त आपल्याकडे येणाऱ्या रक्ताचा जोर. हृदय दमलं की तो जोर कमी होतो, आणि जोर कमी होण्याचा अर्थ लाखो वर्षांच्या सवयीने मूत्रपिंड एकच लावतं: शरीर कोरडं पडलंय, रक्त वाहून गेलंय, मीठ वाचवा. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन अशी संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि मीठ राखलं जातं. जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलाचा जीव हीच साखळी वाचवते. हृदयविकाराच्या रुग्णात तीच उलटते. मूत्रपिंड आपलं काम चोख करतंय, त्याच्यापर्यंत पोचलेली बातमी चुकीची आहे.

आता मुख्य कारखान्यात शिरू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या असतात. प्रत्येक नळीच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो आणि तिथे रक्त गाळलं जातं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात. रक्तातला पातळ भाग तीनच लिटर असतो, म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळला जातो. त्या 180 लिटरांत मीठ असतं जवळजवळ दीड किलो. वाण्याकडून आणतो त्या मिठाच्या दीड पिशव्या, रोज. आणि लघवीवाटे जातं किती? आपण खाल्लं असेल तेवढंच, आठ-दहा ग्रॅम. बाकीचं सगळं परत घेतलं जातं.

दिवाळीच्या साफसफाईत फडताळ आवरताना आधी सगळं बाहेर काढतात आणि हवं तेवढंच परत आत ठेवतात, तशी ही पद्धत आहे. नको असलेलं शोधून टाकत बसण्यापेक्षा हवं असलेलं ओळखून परत घ्यायचं. पद्धत खर्चिक आहे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजनाने अडीचशे-तीनशे ग्रॅम, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. फायदा असा की परत घेण्याचं प्रमाण नुसतं एका टक्क्याने घटवलं, तरी दिवसाला पंधरा ग्रॅम मीठ जास्तीचं बाहेर पडतं. एवढीशी गोळी दीड-दोन लिटर पाणी कशी हलवते, याचं उत्तर या एका टक्क्यात आहे.

परत घेण्याचं काम नळीच्या भिंतीतल्या पेशी करतात. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. तो सोडियम रक्तात फेकतो आणि पोटॅशियम आत ओढतो. त्यामुळे पेशीत सोडियमची कायमची टंचाई राहते, आणि नळीच्या बाजूला दार मिळेल तिथून सोडियम आत घुसतं. पंप सगळीकडे एकच, पण दारं जागोजागी वेगळी. नळीच्या पहिल्या वळणदार भागात सुमारे 65 टक्के मीठ परत जातं. पुढे नळी मूत्रपिंडाच्या गाभ्यात खोल उतरते आणि वळून वर येते. त्या वर येणाऱ्या जाड भागात 25 टक्के. त्यापुढच्या वळणात पाचेक टक्के आणि शेवटच्या गोळा करणाऱ्या नलिकेत दोन-तीन टक्के. बहुतेक सगळी मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, औषधं म्हणजे यातल्या कुठल्या ना कुठल्या दाराला लावलेली कुलपं.

साहजिक वाटेल की 65 टक्क्यांचं दार बंद केलं की सर्वांत जोरदार परिणाम होईल. तसं होत नाही. अॅसेटाझोलामाइड त्या भागात काम करतं, पण तिथून निसटलेलं मीठ पुढची दारं टिपून घेतात, म्हणून सुजेवर ते कमजोर पडतं आणि आज जास्त करून काचबिंदूला वापरलं जातं. फ्युरोसेमाइडने नेमकी जागा पकडली. वर येणाऱ्या जाड भागात एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकदम आत घेणारं दार असतं. ते बंद झाल्यावर जे मीठ निसटतं, ते आवरण्याची ताकद पुढच्या लहान दारांत नसते. शिवाय याच भागातून उपसलेल्या मिठामुळे मूत्रपिंडाचा गाभा खारट राहतो, आणि त्या खारटपणाच्या जोरावर शरीर शेवटी लघवीतलं पाणी खेचून घेतं. दार बंद झालं की गाभाही फिका पडतो. मीठही गेलं, पाणी वाचवण्याचं साधनही गेलं.

या औषधाचा दारापर्यंतचा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. गोळी पोटातून रक्तात जाते आणि जवळजवळ सगळीच्या सगळी अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. प्रथिनं गाळणीतून जात नाहीत, म्हणून औषधही गाळलं जात नाही. ते नळीच्या पहिल्या भागापाशी पोचलं की तिथल्या पेशी त्याला रक्तातून उचलून नळीत टाकतात. मग ते लघवीसोबत वाहत जातं आणि दाराला आतल्या बाजूने कुलूप घालतं. म्हणजे औषध रक्तात किती आहे याला महत्त्व नाही, लघवीत किती पोचलं याला आहे.

एवढं कळलं की वॉर्डातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णाला जास्त डोस का? कारण नळीत औषध टाकणाऱ्या पेशीच कमी उरल्यात आणि साठलेली टाकाऊ द्रव्यं त्याच वाटेवर गर्दी करतात. घरी गोळी लागू पडत नव्हती आणि इथे शिरेतून देताच तासाभरात युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, कशी भरली? कारण हृदयविकारात आतड्यालाही सूज येते आणि गोळी सावकाश शोषली जाते. एरवीसुद्धा गोळीतलं सरासरी निम्मंच औषध रक्तात पोचतं. आणि ज्याला 40 मिलिग्रॅमने काहीच होत नाही, त्याला ती दोनदा देण्यापेक्षा एकदम 80 का देतात? कारण नळीत एका ठरावीक पातळीखाली औषध जणू नसल्यासारखंच असतं. ती पातळी ओलांडली तर काम होतं, नाही ओलांडली तर दिवसभर गोळ्या घेऊनही लघवी तेवढीच. हा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी घ्यायचा. शिरेतून हे औषध घाईने ढोसलं तर कानात घंटा वाजू लागतात, कारण आतल्या कानात अशाच जातीचं दार असतं. म्हणून जाणत्या सिस्टर ते सावकाश देतात.

या सिस्टर मंडळींचं ऋण या औषधांच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. वॉर्डात युरोबॅग रिकामी करताना मापाच्या भांड्यात किती आलं ते डोळ्यांच्या रेषेत धरून पाहतात आणि खाटेशी अडकवलेल्या तक्त्यावर लिहितात. प्यायलं किती, गेलं किती. काम कंटाळवाणं आणि चुकलं तरी कुणाच्या लक्षात न येणारं. 1919 साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोगल नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने उपदंशाच्या एका तरुण रुग्णाला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं. तिथल्या परिचारिका लघवीचं माप नेमाने नोंदवत होत्या. इंजेक्शनच्या दिवशी आकडा एकदम चढलेला त्या नोंदीत दिसला. त्यातून पाऱ्याची औषधं निघाली आणि पुढली तीसेक वर्षं सुजेवर तीच मुख्य आधार राहिली, विषारी असूनही. नंतर सल्फा औषधांनी रुग्णांना लघवी जास्त होते हे लक्षात आलं. 1949 साली बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी हृदयविकाराच्या सुजेवर सल्फानिलामाइड देऊन मीठ बाहेर पडतं हे दाखवलं. तो धागा पकडून 1957 साली मर्क कंपनीतल्या कार्ल बायर आणि सहकाऱ्यांनी क्लोरोथायझाइड पुढे आणलं, आणि साठच्या दशकात जर्मनीच्या हेक्स्टचं फ्युरोसेमाइड आलं. याच हेक्स्टचा कारखाना आपल्या मुलुंडला होता.

थायझाइड गटाची औषधं पुढच्या, पाच टक्क्यांच्या दाराला लागतात. जोर कमी, पण काम लांब चालतं, म्हणून सुजेपेक्षा रक्तदाबाला जास्त उपयोगी. इथे परळची आठवण काढलीच पाहिजे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. त्याबद्दल त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला तोही 1957 साली, थायझाइड आलं त्याच वर्षी. पण नुसत्या सर्पगंधेचा परिणाम ओसरायचा. दाब उतरला की मूत्रपिंड नेहमीचा अर्थ लावून मीठ साठवू लागायचं. 1967 साली अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्पगंधेतलं रेसरपिन, थायझाइड आणि हायड्रालाझिन ही तीन औषधं एकत्र दिली गेली, आणि तीव्र रक्तदाब औषधाने उतरवला तर माणसं वाचतात हे तिने निर्विवाद दाखवलं. परळच्या मुळीला मिठाच्या दारावरचं कुलूप जोडावं लागलं.

थायझाइडचा दोषही त्याच्या जागेवरूनच ठरतो. हे दार मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात असतं, त्यामुळे गाभ्याचा खारटपणा शाबूत राहतो. मीठ जातं, पण पाणी खेचून घेण्याची ताकद कायम राहते. काही वयस्कर माणसांच्या, विशेषतः बायकांच्या, रक्तातलं सोडियम त्याने घसरतं आणि काल धड बोलणारी आजी आज बरळू लागते. घरच्यांना वाटतं वय झालं. अशा वेळी आधी गोळ्यांची पाकिटं दाखवावीत.

पोटॅशियमचं नुकसान हीसुद्धा स्वतंत्र भानगड नाही. वरच्या दारांवर अडवलेलं मीठ शेवटच्या नलिकेत जास्त प्रमाणात येऊन थडकतं. तिथे सोडियम आत घेताना बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं, आणि अल्डोस्टेरॉन चढलेलं असल्यामुळे हा व्यवहार जोरात चालतो. पोटऱ्यांत गोळे येतात, अंगातली ताकद जाते, हृदयाची लय बिघडू शकते. स्पायरोनोलॅक्टोन नेमकं इथे, अल्डोस्टेरॉनच्या हुकमालाच अडवतं. ते नळीतून न जाता रक्ताच्या बाजूने पेशीत शिरतं, म्हणून परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. यकृताच्या आजारातल्या जलोदराला ते पहिल्या पसंतीचं औषध आहे. हृदय फारच कमजोर झालेल्या रुग्णांत त्याच्या लहानशा डोसाने मृत्यूंचं प्रमाण 30 टक्क्यांनी घटलं, हे 1999 सालच्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. पण हे घेणाऱ्याने बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ मनाने सुरू करू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि ते अंगात साठलं तर हृदय थांबू शकतं.

काढ्याबाबतही तेच. पावसाळ्यात मुंबईच्या रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत घेटुळी पसरते. तीच आयुर्वेदातली पुनर्नवा. सुजेवर तिचा वापर फार जुना आहे आणि शीवच्याच आयुर्वेद महाविद्यालयात ती आजही शिकवली जाते. तिच्यात पोटॅशियम नायट्रेट भरपूर असतं. ती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. स्पायरोनोलॅक्टोनच्या जोडीला गुपचूप काढा घेणं मात्र धोक्याचं, म्हणून दोन्हीकडच्या वैद्यांना सगळं सांगावं.

फ्युरोसेमाइड सहा तासांनी उतरल्यावर काय होतं, हे रुग्णांना क्वचितच कुणी समजावून सांगतं. गोळी उतरली की मूत्रपिंड उरलेले अठरा तास आसुसून मीठ परत घेतं. सकाळच्या गोळीने दहा ग्रॅम मीठ घालवलं आणि दुपारी पापड-लोणचं, संध्याकाळी वडापाव, रात्री खारवलेला बांगडा झाला, तर दुसऱ्या दिवशी वजन जिथल्या तिथे. गोळी लागू पडत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्यांत असे पुष्कळ असतात. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, तेही निरोगी माणसाला. महिनोन्‌महिने गोळी चालू राहिली की पुढच्या भागातल्या पेशी वाढतात आणि निसटलेलं मीठ टिपण्यात तरबेज होतात. मग डॉक्टर दुसऱ्या दारासाठी थायझाइडची जोड देतात. गुडघेदुखीवर दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही या औषधाचा जोर मोडतात, कारण त्या मूत्रपिंडातला रक्तप्रवाह आखडतात आणि मीठ धरायला लावतात.

सगळीच औषधं मिठाच्या वाटेने जातात असं नाही. डोक्याला मार लागलेल्यांना मॅनिटॉल देतात. ती नळीतून परत न घेतली जाणारी साखर आहे, आणि स्वतःबरोबर पाणी नेते. टोलव्हॅप्टान खरोखर पाणीच सोडतं, मीठ नाही, आणि म्हणून त्याचा उपयोग सोडियम घसरलेल्या मोजक्या रुग्णांपुरता आहे. मधुमेहासाठी आलेलं डापाग्लिफ्लोझिन पहिल्या भागात साखर आणि सोडियम एकत्र अडवतं. 2020 साली भारतातलं त्याचं पेटंट संपलं आणि ते सामान्यांच्या आवाक्यात आलं. हृदयविकारात आज ते आवर्जून दिलं जातं.

राहिली गोष्ट लोकलची. शीवहून ठाण्याला किंवा परळला कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका ज्या दिवशी बाहेर पडायचं असतं त्या दिवशी गोळी बुडवतात, कारण गाडीत शौचालय नाही आणि स्टेशनवरचं वापरवत नाही. हा दोष त्यांचा नाही, शहराचा आहे. पण त्यावर उपाय आहे. गोळीचा मुख्य जोर पहिल्या दोन-तीन तासांत असतो आणि ती सकाळीच घेतली पाहिजे असा नियम नाही. दुपारी घरी परतल्यावर घेतली तरी चालते, फक्त झोपमोड होईल इतकी उशिरा नको. डॉक्टरांना आपली कामाची वेळ सांगा आणि गोळीची वेळ बदलून घ्या. जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या दिवशी गोळी घ्यायची की थांबवायची, हेही आधीच विचारून ठेवा. आणि घरात वजनकाटा ठेवा. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जा.